शाळेतल्या मुलांची माहिती, त्यांचे फोटो आणि फोन: मुख्याध्यापक व शिक्षकांसाठी पायरीपायरीनं कामाची पद्धत

शाळेच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप येतो, ‘माहिती आजच दुपारी चारपर्यंत सादर करावी.’ वर्गशिक्षक तास सोडून एक्सेल शीट भरायला बसतात. रकाने ठरलेले असतात: विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, जातीचा प्रवर्ग, पालकांचा मोबाइल, बँक खातं, आयएफएससी कोड. भरून झालं की शीट त्याच ग्रुपवर टाकली जाते. ग्रुपमध्ये केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक असतात, बदली होऊन गेलेले असतात, कधी कधी निवृत्त झालेलेही असतात. ज्यानं ज्यानं शीट उघडली त्याच्या फोनमध्ये ती राहते, फोन विकला तरी राहते.

मुलांची माहिती शाळेबाहेर जाते ती बहुतेक वेळा अशी, रोजच्या घाईत, कुणाचाही वाईट हेतू नसताना. म्हणून या कामाची सुरुवात महागड्या सॉफ्टवेअरनं करायची गरज नाही. सुरुवात कोऱ्या कागदानं होते.

त्याआधी कायद्याचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. माहिती सांभाळणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती या कायद्यात ‘बालक’ आहे आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांवर पाळत ठेवणं आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवणं याला बंदी आहे. शाळांना पाळतीच्या बाबतीत मर्यादित सूट आहे, पण ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरतीच. माहिती सुरक्षित न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. हा आकडा मोठ्या कंपन्यांना डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला आहे, तो सांगून शिक्षकांना घाबरवू नये. पण मे २०२७ ची वाट बघत बसण्यातही अर्थ नाही, कारण मुलांची माहिती आजही बाहेर जाते आहे.

१. माहिती कुठे कुठे आहे ते लिहून काढा

मुख्याध्यापक, लिपिक, पोर्टलचं काम बघणारे शिक्षक आणि एक वर्गशिक्षक अशा चौघांनी एक दुपार बसावं. कागदावर पाच रकाने आखा: कोणती माहिती, कुठे ठेवली आहे, कोण कोण बघू शकतं, कशासाठी लागते, कधी काढून टाकायची.

जनरल रजिस्टर, हजेरी आणि प्रवेश अर्ज हे सहज आठवतं. पुढचं नीट शोधावं लागतं. सरल आणि यू-डायस प्लस या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलचे लॉगिन-पासवर्ड कुणाच्या वहीत आहेत? शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला मुलांची कागदपत्रं गावातल्या सेवा केंद्राला व्हॉट्सॲपवर पाठवली होती का? तिथल्या संगणकावर ती अजून आहेत का? संगणक कक्षातल्या डेस्कटॉपवर ‘नववी ब अंतिम’, ‘नववी ब अंतिम २’ अशा किती फाइली पडल्या आहेत? शाळेची ई-मेल कुणाच्या खासगी मोबाइल नंबरवर उघडली आहे? फोटो काढणाऱ्या स्टुडिओकडे ओळखपत्रांसाठी दिलेली यादी परत घेतली का?

हा तक्ता भरताना शाळेत अस्वस्थता येते. येऊ द्या. कुणाला दोष द्यायची ही बैठक नाही, हे मुख्याध्यापकांनी पहिल्या पाच मिनिटांत स्पष्ट सांगावं, नाहीतर लोक फाइली लपवतील आणि तक्ता खोटा होईल.

२. रकाने कमी करा

माझ्या मते संपूर्ण कामातली सर्वांत फायद्याची पायरी ही आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. जी माहिती घेतलीच नाही ती फुटत नाही.

सहलीच्या यादीला आधार क्रमांक लागत नाही. नाव, वर्ग, पालकांचा फोन आणि काही आजार-औषध असेल तर ते, एवढं पुरतं. क्रीडा स्पर्धेला जन्मतारीख लागते, जात लागत नाही. वर्गशिक्षकांकडे असलेल्या यादीत बँक खातं असण्याचं काहीच कारण नाही. यू-डायस प्लसमध्ये २०२२-२३ पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते आणि त्याला पेन, म्हणजे कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक मिळतो. शाळेअंतर्गत दोन याद्या जुळवायच्या असतील तर आधारऐवजी हा पेन क्रमांक किंवा रजिस्टर क्रमांक वापरा.

आईच्या नावाकडे आपण माहिती म्हणून बघतच नाही. पण राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन बघायला बैठक क्रमांक आणि आईचं पहिलं नाव एवढंच लागतं. बैठक क्रमांक आणि आईचं नाव शेजारी शेजारी असलेली यादी ग्रुपवर गेली, की निकालाच्या दिवशी वर्गातल्या प्रत्येकाचे गुण कुणालाही बघता येतात. नापास झालेल्या मुलाचेही, त्यानं घरी सांगायच्या आधी. हे दोन रकाने एका यादीत ठेवायचेच नाहीत, असा नियम करा.

काही माहिती जास्त जपावी लागते: जात, अपंगत्व, आजार, फी थकल्याची नोंद, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून झालेला प्रवेश, घरातली भांडणं किंवा मुलाचा ताबा कुणाकडे आहे याची माहिती. अशा याद्या सूचना फलकावर लावू नका, वर्गात मोठ्यानं वाचू नका. ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ हे वाक्यसुद्धा माहिती उघड करणं आहे. चिठ्ठी देऊन कार्यालयात बोलवा.

३. वरून मागितलेली माहिती कशी पाठवायची

ज्या पोर्टलवर माहिती आधीच भरलेली आहे, तीच पुन्हा एक्सेलमध्ये मागितली गेली तर केंद्रप्रमुखांना नम्रपणे विचारायला हरकत नाही की पोर्टलवरून काढून घेता येईल का. अनेकदा फक्त आकडेवारी हवी असते आणि आपण नावांसकट यादी पाठवतो. आकडा मागितला असेल तर आकडाच पाठवा.

यादी पाठवावीच लागली तर ग्रुपवर टाकू नका. कार्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर पाठवा आणि फाइलला पासवर्ड लावा. एक्सेलमध्ये फाइल, मग इन्फो, मग प्रोटेक्ट वर्कबुक, त्यात एन्क्रिप्ट विथ पासवर्ड असा पर्याय असतो. पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहायचा नाही, फोन करून सांगायचा. गूगल ड्राइव्हची लिंक देत असाल तर ‘एनीवन विथ द लिंक’ हा पर्याय काढून ‘रिस्ट्रिक्टेड’ करा आणि ज्यांना बघायचं आहे त्यांचेच मेल घाला. गूगल फॉर्म वापरत असाल तर भरणाऱ्यांना इतरांच्या उत्तरांचा सारांश दिसणारा पर्याय बंद आहे ना, ते पाठवण्याआधी तपासा.

पालकांच्या ग्रुपचंही तेच. साध्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये प्रत्येक आईचा नंबर वर्गातल्या सगळ्या घरांत पोहोचतो, आणि त्यातून होणाऱ्या त्रासाच्या तक्रारी बहुतेक शाळांनी ऐकलेल्या आहेत. व्हॉट्सॲप कम्युनिटीच्या घोषणा ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर इतर सदस्यांना सरसकट दिसत नाहीत आणि निरोप फक्त ॲडमिन पाठवतात. सूचना देण्यासाठी तेवढं पुरेसं आहे. ॲडमिन म्हणून शाळेच्या सिमकार्डाचा नंबर ठेवा, शिक्षकांचा खासगी नको. एका मुलाच्या गुणांबद्दल, गैरहजेरीबद्दल, वागणुकीबद्दल ग्रुपवर एक शब्दही लिहायचा नाही.

४. आधार, अपार आणि संमतीचा कागद

आधार नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानं शाळा प्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, आणि आधार नसल्यामुळे कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असं म्हटलं आहे. ज्या कामाला आधार खरोखर लागतं तिथेही शक्य असेल तर शेवटचे चार अंक दिसणारी मास्क्ड प्रत घ्या. ती आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून मोफत निघते. झेरॉक्स घेतली तर त्यावर कारण आणि तारीख लिहून घ्या आणि काम झालं की नष्ट करा.

अपार हा १२ अंकी शैक्षणिक ओळख क्रमांक आहे. तो ऐच्छिक आहे, त्याला पालकांची लेखी संमती लागते आणि दिलेली संमती मागे घेता येते. उद्दिष्ट पूर्ण करण्याच्या दबावाखाली शाळा पालकांना बोलावून ‘इथे सही करा’ एवढंच सांगतात. पाच मिनिटं द्या. हा क्रमांक कशासाठी, त्यात काय साठतं, नको असेल तर काय करायचं, हे मराठीत सांगा. नकार देणाऱ्या पालकाच्या मुलाला वर्गात वेगळी वागणूक मिळणार नाही, ही जबाबदारी मुख्याध्यापकांची.

शाळेचा स्वतःचा संमती अर्ज एक पानाचा असावा. प्रत्येक गोष्टीला वेगळा चौकोन: फोटो सूचना फलकावर, फोटो वर्तमानपत्रात, फोटो समाजमाध्यमांवर, अमुक ॲपवर खातं. ‘शाळेच्या सर्व उपक्रमांना माझी संमती आहे’ असं एक ओळीचं वाक्य ठेवू नका. नव्या कायद्यानुसार ही माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मागण्याचा पर्याय पालकांना हवा. ऊसतोड कामगारांची किंवा परप्रांतीय मजुरांची मुलं असतील तर अर्ज वाचून दाखवावा लागेल, वेळ ठेवा.

५. फोटो

सत्काराचा एक नेहमीचा फोटो घ्या. मुलीच्या हातात प्रशस्तिपत्र, त्यावर पूर्ण नाव आणि इयत्ता. गळ्यात ओळखपत्र, त्यावर पालकांचा मोबाइल नंबर. मागे शाळेच्या नावाचा फलक, त्यावर गाव आणि तालुका. शाळेच्या फेसबुक पानावर हा फोटो सर्वांसाठी खुला आहे. अनोळखी माणसाला त्या मुलीशी ‘मी तुझ्या बाबांचा मित्र’ म्हणून बोलायला लागतं ते सगळं या एका चित्रात आहे. शिवाय साध्या चेहऱ्यावरून अश्लील चित्र बनवणारी ॲप्स आता मोबाइलवर मिळतात, आणि ती वापरणारे अनेकदा शाळेतलेच मुलगे असतात.

नियम सोपा ठेवा: चेहरा किंवा नाव, दोन्ही एकत्र नाही. ओळखपत्र फोटोआधी खिशात. जवळून काढलेल्या चेहऱ्यांपेक्षा हात, प्रयोगाचं साहित्य, रांगोळी, पाठमोरी रांग असे फोटो निवडा. उपक्रमाचा पुरावा म्हणून वर पाठवायला तेवढे चालतात. शाळेच्या फोनवरच फोटो काढा. शिक्षकांच्या खासगी स्टेटसवर मुलांचे फोटो अजिबात नकोत, कितीही प्रेमानं लावलेले असले तरी.

६. संगणक कक्ष, खाती आणि ॲप्स

संगणक कक्षाचं काम एका दिवसात होतं. विंडोजमध्ये मुलांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचं वेगळं खातं करा, ॲडमिनचा पासवर्ड दोघांकडेच ठेवा. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवणं बंद करा. मुलांना गेस्ट मोडमध्ये बसवा, म्हणजे आधीच्या मुलाचं उघडं राहिलेलं खातं पुढच्याला दिसत नाही. राउटरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला आणि त्याच ठिकाणी डीएनएसमध्ये (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या सेवेच्या रकान्यात) १.१.१.३ आणि १.०.०.३ घाला. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा अश्लील आणि घातक संकेतस्थळं अडवते. सगळं अडत नाही, पण चुकून उघडणारं बरंच थांबतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे संगणकांची तोंडं अशी ठेवा की दारातून सगळे पडदे दिसतील.

ॲप निवडताना थांबून विचार करा. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतल्या सरकारांनी सुचवलेली १६४ शैक्षणिक ॲप्स आणि संकेतस्थळं तपासली, तेव्हा त्यातली १४६ मुलांच्या माहितीशी धोकादायक पद्धतीनं वागताना दिसली. आपल्या सरकारच्या दीक्षा या शैक्षणिक ॲपवरची शिक्षक-विद्यार्थ्यांची माहिती असुरक्षित सर्व्हरवर उघडी राहिल्याची बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली होती. सरकारी आहे किंवा मोफत आहे म्हणून सुरक्षित आहे, असं धरून चालता येत नाही.

नवं ॲप आणणाऱ्या प्रतिनिधीला चार प्रश्न लेखी विचारा. मुलांची कोणती माहिती घेता? ती कुणाला देता? जाहिराती दाखवता का? करार संपल्यावर किती दिवसांत माहिती पुसता? उत्तर टाळलं तर ॲप नको. ॲपला संपर्क यादी, लोकेशन किंवा मायक्रोफोन कशाला हवा, याचं पटणारं कारण नसेल तरी नको. पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड उघडून शिकवायला मुलांचं खातं लागत नाही, हे लक्षात ठेवा. ज्या साधनाला खातंच लागत नाही ते पहिली पसंती.

चॅटजीपीटीसारखी साधनं १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, असं त्यांच्याच अटींत आहे. शिक्षक प्रगतिपुस्तकातले शेरे लिहायला ती वापरत असतील तर मुलाचं नाव, आजार, घरची परिस्थिती त्यात टाकू नये. ‘एक विद्यार्थी, गणितात मागे’ एवढं लिहून काम होतं.

७. सीसीटीव्ही

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराच्या ऑगस्ट २०२४ मधल्या घटनेनंतर राज्यात शाळांमध्ये कॅमेरे बसवण्याचे आदेश निघाले आणि ते योग्यच होतं. पण कॅमेरा बसवला की चित्रण सांभाळायची जबाबदारी सुरू होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण चोरून इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. बसवणाऱ्यानं ठेवलेला सोपा पासवर्ड कुणी बदलत नाही, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

डीव्हीआरचा, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचा, पासवर्ड आजच बदला. मोबाइलवरून कॅमेरे बघण्याची सोय किती जणांकडे आहे ते तपासा, संस्थाचालकांच्या घरच्यांकडेसुद्धा ती असते. दोघांपलीकडे ती काढून टाका. कॅमेरा स्वच्छतागृहाच्या वाटेवर असावा, आत कधीही नाही, आणि कपडे बदलण्याच्या खोलीतही नाही. पालकानं चित्रण मागितलं तर कार्यालयात बसवून दाखवा. क्लिप पेन ड्राइव्हवर देऊ नका, त्यात इतरांची मुलं असतात. पोलिसांना लेखी पत्रावर द्या आणि नोंद ठेवा.

८. मुलांचे फोन

शाळा सकाळी फोनबंदीचा फलक लावते आणि रात्री नऊ वाजता ग्रुपवर गृहपाठ टाकते. घरात फोन एकच असतो, तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर गेलेला असतो. ते आले की मूल फोन घेऊन बसतं, गृहपाठ दहा मिनिटांत उतरवतं आणि पुढचा तास रील्समध्ये जातो. म्हणून फोनचं धोरण शिक्षकांपासून सुरू करा: गृहपाठ डायरीत, वर्गातच. संध्याकाळी सहानंतर शाळेचा निरोप नाही, सुट्टी जाहीर होण्यासारखं तातडीचं सोडून.

सरसकट बंदी चालत नाही, असं माझं मत आहे. दिल्ली उच्च न्यायालयानंही २८ फेब्रुवारी २०२५ च्या निकालात पूर्ण बंदी अव्यवहार्य मानली आणि शक्य तिथे फोन शाळेत जमा करून घेण्याची पद्धत सुचवली. एसटीनं दोन गावं ओलांडून येणाऱ्या मुलीकडे फोन असणं तिच्या आई-वडिलांना आवश्यक वाटतं, ते बरोबर आहे. तिच्यासाठी नोंदवही ठेवा: आल्यावर फोन बंद करून नंबर घातलेल्या पिशवीत, जाताना सही करून परत. दिवसभरात घरी फोन करायचा असेल तर कार्यालयातला फोन प्रत्येक मुलाला न रागावता मिळाला पाहिजे. तो मिळतो हे कळलं की लपवून फोन आणण्याचं निम्मं कारण संपतं.

सापडलेला फोन उघडून गॅलरी किंवा चॅट बघायचं नाही. मुलाला पासवर्ड टाकायला लावायचं नाही. बंद करून पाकिटात ठेवा, पालकांना बोलवा, त्यांच्यासमोर परत द्या.

घरातल्या वेळेसाठी गावाची साथ मिळाली तर फार फरक पडतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा, ही त्यातली खरी अट. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत हा विषय मांडा, गाव ऐकतं.

९. काही घडलंच तर

यादी चुकून बाहेर गेली तर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करून गप्प बसू नका. काय गेलं, किती मुलांचं गेलं, कधी गेलं हे लिहा आणि त्या पालकांना त्याच दिवशी कळवा, म्हणजे ते बँकेच्या नावानं येणाऱ्या फसव्या फोनपासून सावध राहतील. कायद्यातली जबाबदारी लागू झाल्यावर पालकांना विनाविलंब कळवावं लागेल आणि माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर अहवाल द्यावा लागेल. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ फोन.

मुलाचं किंवा मुलीचं अश्लील चित्र फिरत असल्याचं कळलं तर फार काळजीनं वागा. ते चित्र पुरावा म्हणून कुणालाही पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही, स्वतःकडे साठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब आणि पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) दोन्ही लागू होतात, आणि चित्र खोटं, बनवलेलं असलं तरी होतात. सर्वोच्च न्यायालयानं २३ सप्टेंबर २०२४ रोजी असं साहित्य जवळ ठेवण्याबद्दल कडक भूमिका घेतली आहे. पॉक्सोच्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ‘शाळेची बदनामी’ हे कारण तिथे चालत नाही. मदतीला १०९८ ही बालमदतवाहिनी आहे. ‘टेक इट डाउन’ या मोफत सेवेतून मूल स्वतः, चित्र कुठेही न पाठवता, मोठ्या समाजमाध्यमांवरून ते हटवण्याची विनंती करू शकतं. त्या मुलीशी एकाच विश्वासातल्या बाईंनी बोलावं. तिला पुन्हा पुन्हा सगळं सांगायला लावू नका, आणि तिची चूक काय होती हा प्रश्न कुणीही विचारू नये.

१०. दाखला देताना

शाळा सोडल्याचा दाखला देण्याच्या दिवशी लिपिकांसमोर एक छोटी यादी चिकटवलेली असावी. पालकांचा नंबर ग्रुपमधून काढा. शाळेनं दिलेलं ई-मेल खातं असेल तर मुलाला त्याचं काम उतरवून घ्यायला महिनाभर द्या, मग बंद करा. ज्या ॲप्सवर शाळेनं खातं उघडलं होतं त्यांना माहिती पुसायचा मेल पाठवा आणि त्यांचं उत्तर फाइलला लावा. आधारच्या झेरॉक्स फाडून टाका. जुना संगणक भंगारात देताना हार्ड डिस्क काढून ठेवा, हे याच वेळी वर्षातून एकदा तपासा.

बारावी करून जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांगा. १८ पूर्ण झाल्यावर संमती त्यांची स्वतःची असते. पालकांनी शाळेत दिलेली एखादी संमती, जसं समाजमाध्यमावरचा फोटो, त्यांना मागे घ्यायची असेल तर मुख्याध्यापकांच्या नावानं साध्या कागदावरचा अर्ज पुरतो, आणि तो आल्यावर आठवडाभरात फोटो काढला गेला पाहिजे.